कुंडीतलं मस्तक: कीट्सच्या ‘इझाबेला’मधलं मरण आणि भय

सांजवाट (धागाकर्ती)

भयकविता म्हटलं की अमेरिकी कवी एडगर अ‍ॅलन पो, त्याचा कावळा, दारावरची थाप, एवढ्यावरच गप्पा अडकतात. म्हणून मुद्दाम अशी एक कविता काढतेय जिच्यात पडका वाडा नाही, तळघर नाही, वादळी रात्रही नाही. आहे ते फ्लॉरेन्समधलं एक सुखवस्तू व्यापारी घर आणि त्या घरातली बेझिल या सुगंधी रोपाची कुंडी.

इंग्रज कवी जॉन कीट्सची ‘इझाबेला, ऑर द पॉट ऑफ बेझिल’. १८१८ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये लिहिलेली, १८२० च्या जुलैत छापलेली. ६३ कडवी, प्रत्येक कडवं आठ ओळींचं. कथा चौदाव्या शतकातल्या इटालियन लेखक बोकाचिओच्या ‘डेकॅमेरॉन’ या दहा दिवसांत सांगितलेल्या गोष्टींच्या संग्रहातली, चौथ्या दिवसाची पाचवी. तिथे ती सिसिलीत, मेसिनाला घडते. कीट्सने ती फ्लॉरेन्सला आणली आणि तीन भावांचे दोन केले.

ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात. इझाबेला आणि लोरेंझो यांचं प्रेम. लोरेंझो तिच्या भावांच्या पेढीवरचा नोकर. भावांना बहीण एखाद्या जमीनदाराला द्यायची आहे. कीट्स अगदी खोचकपणे त्या जमीनदाराबरोबर त्याची ऑलिव्हची झाडंही मोजतो. भाऊ लोरेंझोला रानात नेऊन मारतात, तिथेच पुरतात आणि बहिणीला सांगतात की त्याला कामासाठी परदेशी धाडलंय. ती वाट बघत झिजते. एका रात्री तो पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून रडतो आणि आपण कुठे पुरलेलो आहोत ते सांगतो. सकाळी ती म्हाताऱ्या दाईला घेऊन रानात जाते, संध्याकाळी माती उकरते, त्याचं मस्तक कापून घरी आणते, कुंडीत पुरते आणि वर बेझिल लावते. आसवांवर ते रोप फोफावतं. भावांना संशय येतो, ते कुंडी चोरतात, आतलं बघतात आणि शहर सोडून पळतात. ती कुंडीसाठी झुरून मरते.

आता माझा मुद्दा. या कवितेत भीती वाटते ती प्रेताची नाही, मायेची. खून तर कीट्स जवळजवळ गाळूनच टाकतो. २७व्या कडव्यात दोघे भाऊ आणि ‘त्यांचा मारलेला माणूस’ घोड्यांवरून फ्लॉरेन्सच्या बाहेर पडतात. लोरेंझो त्या वेळी जिवंत आहे, खोगिरात बसलाय, पण व्याकरणाने त्याला आधीच मारून टाकलंय. पुढच्याच कडव्यात तो पुरला जातो. ना तलवारीचा खणखणाट, ना किंकाळी. एखादा हिशेब चुकता करावा तसं.

पण उकरणं मात्र तीन तास चालतं. आणि मस्तक घरी आल्यावर? ती त्याचे विस्कटलेले केस सोन्याच्या फणीने विंचरते. डोळ्यांच्या खोबणीभोवतीची एकेक पापणी नीट करते. चिकटलेली माती आसवांनी धुते. पुन्हा विंचरते, मुका घेते, पुन्हा रडते. अरबस्तानातल्या फुलांच्या अर्काचा वास असलेल्या रेशमी कापडात ते गुंडाळते. आजारी माणसाचं आपण जे जे करतो ते सगळं ती करते, तितक्याच हलक्या हाताने. कापणाऱ्या सुरीपेक्षा मला ती फणी जास्त भयानक वाटते.

आणि हे लिहिताना कीट्स काय करत होता? १८१८ च्या मार्चपासून तो डेव्हनमध्ये टिनमथला धाकट्या भावाची, टॉमची शुश्रूषा करत होता. टॉमला क्षय होता. आई १८१० मध्ये क्षयानेच गेली होती. टॉम त्याच वर्षी १ डिसेंबरला गेला, वय १९. कवितेतली फणी मला त्या खोलीतून आलेली वाटते.

तुम्हाला काय वाटतं? इतर कवितांची उदाहरणंही चालतील, पण कृपया यादी नको.

---

तिखटमीठ

जेवताना धागा उघडला ही चूक कुणाची? वरणभात तसाच राहिला. वाचनखूण साठवली आहे, दिवसाढवळ्या वाचेन.

---

खडूफळा

लेख आवडला, कविता आवडत नाही. कॉलेजात शिकवलेली आहे, तेव्हा थोडं बोलायचा हक्क बजावतो.

कीट्सने निवडलेला छंद बघा. आठ ओळी, पहिल्या सहांत दोन यमकं आलटून पालटून आणि शेवटी एक जोडओळ. इटालियन छंद आहे, म्हणून बोकाचिओसाठी साजेसा वाटला असणार. पण इंग्रजीत त्या शेवटच्या जोडओळीचा स्वभाव टपली मारण्याचा आहे. त्याच १८१८ मध्ये बायरनने ‘बेप्पो’त आणि पुढच्या वर्षी ‘डॉन हुआन’मध्ये तो हसण्यासाठी वापरला आणि तिथे तो चपखल बसला. कीट्सला त्यात रडायचंय. सहा ओळी हुंदके आणि मग टपकन यमक. हसू येतं हो.

त्याला स्वतःलाही ते कळलं होतं. सप्टेंबर १८१९ च्या पत्रात तो आपला मित्र रिचर्ड वुडहाउसला सांगतो की ही कविता मी छापणार नाही, लोक सहज हिची टर उडवतील, आयुष्याचा अनुभव नसलेल्याने लिहिलेली आहे. लंगड्या बाजूची कविता म्हणतो तो तिला. कवीच असं म्हणत असेल तर आपण का डोक्यावर घ्यायची?

---

पैसापाणी

डोक्यावरच घेतलीय की तिने, तेच तर कथानक आहे! (हलकेच घ्या.)

विनोद पुरे. खडूफळा सर, १४ ते १६ ही कडवी तुम्ही वर्गात घेतली होती का? बरेच जण ती गाळतात, कारण ‘प्रेमकथेत व्यत्यय’. मला तीच कवितेचा कणा वाटतात. भावांची श्रीमंती कुठून येते ते कीट्स तिथे दाखवतो. खाणींत मशालींच्या उजेडात राबणारे हात, गोंगाट करणारे कारखाने, चाबकाखालचे मजूर. यांच्यासाठी सिलोनचा पाणबुड्या श्वास रोखून, उघड्या अंगाने, भुकेल्या शार्ककडे जातो. त्याच्या कानांतून रक्त येतं. यांच्यासाठी बर्फावर सील भाल्यांनी भरून मरतो. आणि भाऊ? ते फक्त एक हलकं चाक फिरवतात. दुसऱ्या टोकाला कुणाची कातडी सोलली जातेय याची त्यांना अर्धीमुर्धीच खबर.

सिलोनचे मोती म्हणजे मन्नारच्या आखातातले. कीट्सच्या काळात सिलोन इंग्रजांच्या ताब्यात होतं. म्हणजे वेश मध्ययुगीन फ्लॉरेन्सचा आणि हिशेब १८१८ च्या लंडनचा. बर्नार्ड शॉने १९२१ मध्ये लिहून ठेवलंय की कार्ल मार्क्सने ‘भांडवल’ऐवजी कविता लिहिली असती तर ती ‘इझाबेला’ झाली असती. शॉला अतिशयोक्तीची सवय होती, तरी त्यात दम आहे.

बोकाचिओचे भाऊ घराण्याची बेअब्रू टाळायला खून करतात. कीट्सचे भाऊ सौदा वाचवायला करतात. जातीपातीच्या नावाखाली मुलीच्या प्रियकराला संपवलं आणि आत खोदलं तर जमिनीचा तुकडा निघाला, अशा बातम्या आपणही वाचतोच. सांजवाट, तुमच्या ‘हिशेब चुकता’शी शंभर टक्के सहमत. फक्त मी म्हणेन की भीती फणीत नाही, त्या चाकात आहे.

---

काढाघ्या

पेशाने डॉक्टर. इथे सहसा फक्त वाचतो, पण या धाग्यावर गप्प बसवेना.

कीट्सचं एक अंग अजून कुणी आणलं नाही. तो शिकलेला होता वैद्यक. १८१५ च्या ऑक्टोबरात लंडनच्या गाईज हॉस्पिटलमध्ये दाखल झाला, १८१६ मध्ये ड्रेसर झाला, म्हणजे शस्त्रक्रियेत शल्यविशारदाच्या हाताखाली जखमा बांधणारा, रुग्णाला धरणारा. तेव्हा भूल नव्हती. त्याच वर्षी जुलैत अपॉथेकरीचा, म्हणजे औषधं देणाऱ्या वैद्याचा, परवाना मिळाला आणि मग पठ्ठ्याने ते सोडून कवितेला वाहून घेतलं.

आता शवविच्छेदन. त्या काळात कायद्याने मिळायची ती फाशी दिलेल्या खुन्यांची प्रेतं, आणि ती शिकवण्याला अजिबात पुरत नसत. बाकीची कबरी उकरून यायची. रात्री ताज्या कबरी फोडून प्रेत विकणारी माणसं होती, त्यांना ‘पुनरुत्थानवाले’ असं थट्टेचं नाव होतं, आणि शरीरशास्त्राच्या शाळा त्यांच्याकडून राजरोस माल घ्यायच्या. १८३२ च्या कायद्यानंतरच ते थांबलं. म्हणजे कीट्सने ज्या शरीरांवर शिक्षण घेतलं त्यांतली बरीच कुणीतरी मातीतून काढून आणलेली होती.

हे डोक्यात ठेवून ४५वं कडवं वाचा. तो वाचकालाच विचारतो: हिरव्या स्मशानात रेंगाळताना आपलं मन चिचुंदरीसारखं मातीतून खाली शिरून कवटी, पेटीतली हाडं आणि कफन बघून आलेलं नाही असा कोण आहे? बाकी कवींना हा प्रश्न कल्पनेने पडतो. याने टेबलावर पाहिलेलं आहे. डोळ्याच्या खोबणीला तो थडग्याची कोठडी म्हणतो. कवटी हातात धरून आतून बघितल्याशिवाय ही उपमा सुचत नाही. आमच्या पहिल्या वर्षाच्या हॉलमध्ये प्रेताचा चेहरा झाकलेला असायचा आणि सगळे हातापायांवर धीटपणे काम करायचे. चेहऱ्याची पाळी आली की विनोद बंद व्हायचे. कीट्स थेट चेहऱ्यावरच जातो.

अजून एक. बोकाचिओची नायिका लिझाबेता थोडंसंच उकरते आणि प्रेत न कुजलेलं सापडतं, जवळजवळ संताच्या देहासारखं. कीट्स तो चमत्कार काढून टाकतो. शेवटी भावांना कुंडीत जे दिसतं ते हिरव्या-निळ्या डागांचं आहे. तरीही ते ओळखतात. हा बदल शिकलेल्या डोळ्याचा आहे.

---

सांजवाट

काढाघ्या, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका हो. ‘पुनरुत्थानवाले’ डोक्यातून जाणार नाहीत आता. रात्री, सुरी घेऊन, गुपचूप उकरून, मस्तक लपवत घरी आणणं: इझाबेला त्या धंद्याचंच काम करते, फक्त विकत नाही.

पैसापाणी, चाक मान्य. पण बघा, भावांच्या जगात माणूस म्हणजे वस्तू होते आणि इझाबेलाच्या हातात वस्तूचा पुन्हा माणूस होतो. पैशाची आणि प्रेमाची, दोन्ही कविता एकच आहेत असं मला वाटू लागलंय.

---

गच्चीतली_बाग

अवांतर, पण राहवत नाही. बेझिल म्हणजे आपला सब्जा. ज्याचं बी फालुद्यात घालतो तो. तुळस त्याचीच बहीण, एकाच कुळातली. त्यामुळे वाचताना मला सारखं अंगणातलं वृंदावन दिसत होतं. आपल्याकडेही मरणाऱ्याच्या तोंडात तुळशीपत्र ठेवतात, जुन्या समाध्यांवर वृंदावनं असतात.

सिसिलीत आजही माणसाच्या डोक्याच्या आकाराच्या, रंगीत चिनी मातीच्या कुंड्या करतात. पालेर्मोची दंतकथा सांगतात की एका मुलीने फसवणाऱ्या प्रियकराचं डोकं कापून त्यात बेझिल लावलं आणि ते इतकं वाढलं की शेजाऱ्यांनी तशाच कुंड्या करून घेतल्या.

बागवाली म्हणून एक शंका: नुसत्या आसवांवर रोप जगणार नाही, मीठ असतं. बोकाचिओची नायिका आसवांच्या जोडीला गुलाबपाणी आणि संत्र्याच्या फुलांचं पाणीही घालते म्हणे. ती जास्त व्यवहारी.

---

खडूफळा

वृंदावनाची आठवण येणं साहजिक आहे, पण जरा जपून. तुळस आपल्याकडे पावित्र्याची. इथे मुद्दा पावित्र्याचा नाही, लपवण्याचा आहे. वृंदावन अंगणात सगळ्यांसमोर असतं.

सांजवाट, तुमच्या टॉमवाल्या मुद्द्याला हरकत आहे. समीक्षक हॅझलिटने १८१८ च्या फेब्रुवारीत व्याख्यानात सुचवलं की बोकाचिओच्या अशा गोष्टी इंग्रजी पद्यात आणल्या तर लोकांना आवडतील. कीट्स आणि त्याचा मित्र रेनॉल्ड्स यांनी मिळून तसं पुस्तक करायचं ठरवलं. म्हणजे कविता टिनमथला जाण्याआधीच सुरू झाली होती. मस्तक, कुंडी, भूत, आसवं, चोरी, सगळं पाचशे वर्षं जुन्या कथेत तयार होतं. आजाऱ्याच्या खोलीची गरजच काय? कवीच्या घरात कुणी आजारी होतं की आपण सगळं तिकडे वळवतो.

---

सांजवाट

सर, सांगाडा बोकाचिओचा, कबूल. पण फणी नाही ना त्याची. त्याची नायिका मस्तक आसवांनी धुते, असंख्य मुके घेते, कापडात गुंडाळते आणि कुंडीत ठेवते. केस विंचरणं, पापण्या सरळ करणं कीट्सचं. उकरताना सापडणारा तो मळका हातमोजा, तिनेच जांभळ्या रेशमाने भरलेला, तोही कीट्सचा. ती तो उचलते, त्याचा मुका घेते आणि छातीशी ठेवते, मग पुन्हा खणायला लागते. कथा पुढे सरकायला यातलं काहीच लागत नाही. कवी कुठे विनाकारण रेंगाळतो तिथे मी त्याला शोधते.

आणि तो रेंगाळतोय हे त्याला ठाऊकही आहे. ४९व्या कडव्यात मध्येच थांबून म्हणतो: हे किड्यांचं वर्णन कशाला, उघड्या थडग्यापाशी इतका वेळ कशाला? जुन्या कथेचा गोडवा हवा असेल तर मूळ गोष्ट वाचा, माझ्याने ते होणार नाही. माफी मागतो आणि पुढच्याच कडव्यात मस्तक कापतो!

---

रंगरेषा

चित्रांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून.

चित्रकार जॉन एव्हरेट मिलेचं ‘इझाबेला’ १८४९ चं, लिव्हरपूलच्या वॉकर गॅलरीत आहे. जेवणाचं टेबल. लोरेंझो तिला कापलेलं संत्रं देतोय, रक्तासारख्या लाल गराचं. समोरचा भाऊ अडकित्त्याने अक्रोड फोडत पाय लांब करून तिच्या कुत्र्याला लाथ मारतोय. मागच्या कठड्यावर कुंड्या. खून अजून व्हायचाय, पण चित्रात तो झालेलाच आहे. सांजवाटने सांगितलेली २७व्या कडव्याची युक्तीच ही.

दुसरं होल्मन हंटचं, न्यूकॅसलच्या लेंग गॅलरीतलं. इझाबेला कुंडीला मिठी मारून उभी, केस कुंडीवर सोडलेले, कुंडीवर कवट्यांची नक्षी. याची हकीकत वेगळीच. हंट आणि त्याची गरोदर बायको फॅनी पूर्वेकडे निघाले होते आणि १८६६ मध्ये फ्लॉरेन्सलाच अडकले. तिथे मूल झालं आणि डिसेंबरमध्ये फॅनी वारली. चित्रातला चेहरा तिचा. १८६८ मध्ये त्याने ते पुरं केलं. मेलेल्या बायकोचा चेहरा तो रोज उठून रंगवत होता. खडूफळा सर, इथे तरी आजाऱ्याची खोली मान्य कराल?

---

नवखा_वाचक

सगळ्यांना नमस्कार. बाळबोध प्रश्न: याला गॉथिक म्हणायचं का पण? ज्यात किल्ला नाही, शाप नाही, सैतान नाही. एक भूत आहे, तेही बिचारं रडतं.

---

पैसापाणी

नवखा, बाळबोध मुळीच नाही. कीट्सनेच याची थट्टा केलीय. फेब्रुवारी १८१९ च्या पत्रात भाऊ-वहिनीला आपल्या कवितांची नावं कळवताना म्हणतो, बघा, आई रॅडक्लिफला शोभतील अशी नावं आहेत, पण मी काही शोधायला गेलो नव्हतो. अ‍ॅन रॅडक्लिफ म्हणजे त्या वेळच्या किल्ले-भुयारवाल्या कादंबऱ्यांची राणी. म्हणजे बाजारात काय चालतं ते त्याला पक्कं माहीत होतं.

माझ्या मते त्याने किल्ल्याच्या जागी पेढी ठेवली आणि दुष्ट सरदाराच्या जागी दोन हिशेबी भाऊ. भयाचा पत्ता बदलला.

---

काढाघ्या

भुताबद्दल दोन शब्द. ते रडतंच, पण त्याचा आवाज वाचा. बोलायची धडपड चाललीय, जिवंतपणी बोलायचो तसं जमत नाहीये, काटेरी झुडपांतून रात्रीचा वारा घोगरा वाहावा तसा सूर. मरणाला टेकलेल्या माणसाची जीभ अशीच अडखळते. आणि सांगतं काय? डोक्यावर लाल बेरी लोंबतायत, पायांवर मोठा गारगोटीचा दगड आहे, बीच आणि चेस्टनटची पानं पडतायत, नदीपलीकडून मेंढवाड्यातला आवाज येतो. ना सूडाची मागणी ना शाप. पत्ता सांगतंय आणि फक्त एक आसू मागतंय.

---

तिखटमीठ

दिवसाढवळ्या वाचला. काही फरक पडला नाही.

पण एक विचारू? ती शेवटी वेडी होते ना? मग भयकथा कसली, ही तर दुःखाने खचलेल्या बाईची गोष्ट.

---

सांजवाट

वेडी म्हणा हवं तर. पण ६२वं कडवं बघा. ती येणाऱ्या-जाणाऱ्या यात्रेकरूंना हाक मारून विचारते, माझं बेझिल कुठे आहे, ते का लपवलंत? आणि तिच्या आवाजात एक सुरेल, घशातल्या घशात हसणं आहे. रडणं नाही, हसणं. ६३ कडव्यांत मला सगळ्यांत जास्त शहारा त्या एका हसण्याने येतो.

शिवाय ती लोरेंझोचं नाव घेत नाही. शेवटपर्यंत फक्त बेझिल. गुपित राखतेय की खरंच विसरलीय, कवी सांगत नाही. आधी तो म्हणालाच आहे की ती चंद्र-सूर्य-तारे विसरली. माणूसही विसरली असेल आणि सेवा तेवढी उरली असेल.

---

खडूफळा

हसण्याबद्दल देतो मार्क. पण मग शेवटचं कडवं नीट वाचा. फ्लॉरेन्समध्ये तिच्यासाठी हळहळला नाही असा कुणी उरला नाही आणि तिचं गाणं तोंडोतोंडी देशभर झालं, असं त्यात आहे. बोकाचिओतही गोष्ट गाण्यावरच संपते. तिथे प्रकरणाची वाच्यता झाली आणि कुणीतरी गाणं रचलं, इतकं तरी सांगितलंय. कीट्सने तेही सांगितलेलं नाही. भाऊ पळाले, ते बोलणार नाहीत. ती स्वतः फक्त कुंडी मागत होती. मग फ्लॉरेन्सला कळलं कसं?

वर्गात मी हे कवितेतलं भोक म्हणून दाखवायचो. आज हा धागा वाचताना ती म्हातारी दाई डोळ्यांसमोर आली. पांढऱ्या केसांची, गुडघे टेकून वाळक्या हातांनी तीन तास माती उकरणारी. मस्तक घरी आणल्यावर कीट्स तिचं नावही काढत नाही. पण सगळं पाहिलेली आणि मागे उरलेली तीच एक. गाणं तिनेच सोडलं असणार गावात.